पंधरा टक्क्यांची सवय

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही छोट्या जाहिरात एजन्सीत क्लायंट सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं, तर भांडणाची पहिली वाक्यं तो पाठ म्हणून दाखवेल. ‘हे पण त्यातच धरलंय ना?’ ‘फायनल कोणी सांगितलं?’ ‘बिल वर गेलंय, बघू.’ या वाक्यांच्या आधी सहसा एक कोटेशन असतं, दोन मीटिंगा झालेल्या असतात आणि व्हॉट्सॲपवर ‘ओके, सुरू करा’ असा निरोप आलेला असतो. करारनामा नसतोच. असला, तर क्लायंटच्या लीगल खात्याने दुसऱ्याच कुठल्या कंत्राटदारासाठी केलेला मसुदा नाव बदलून धाडलेला असतो. त्यात माल ट्रकमधून उतरवताना फुटला तर काय, याचं कलम असतं. जाहिरात सातव्यांदा बदलायला सांगितली तर काय, याचं नसतं.

पैसे कशाचे आणि केव्हा, ‘हो’ म्हणायचा अधिकार कोणाचा, वाटा वेगळ्या झाल्या की कोणाकडे काय राहणार, हे सुरुवातीलाच का ठरत नाही? भीड असते, घाई असते, मोठी पार्टी हातची जाईल ही धास्ती असते. पण या धंद्याचा एक जुना हिशेबही त्यामागे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत व्हॉल्नी पामरसारखे पहिले जाहिरात एजंट उभे राहिले, ते वर्तमानपत्रांचे दलाल म्हणून. जागा विकून द्यायची आणि वर्तमानपत्राकडून कमिशन घ्यायचं. जाहिरातदाराला खरा भाव कळत नसे, मधला फरक एजंटच्या खिशात जाई. फिलाडेल्फियाच्या एन. डब्ल्यू. आयर अँड सन या एजन्सीने १८७५-७६ च्या सुमारास गुलाबाची रोपं विकणाऱ्या डिंगी अँड कोनार्ड या कंपनीशी ‘खुला करार’ केला. जागा कितीला पडली ते उघड करायचं आणि त्यावर ठरलेली टक्केवारी घ्यायची. आधी साडेबारा, मग पंधरा. एजंट आता जाहिरातदाराचा माणूस झाला, पण त्याची कमाई जागेच्या भावालाच बांधलेली राहिली. पुढे पंधरा टक्के हा जगभरचा रिवाज झाला. तो इतका मुरला, की निव्वळ खर्चावर १७.६५ टक्के चढवले की एकूण रकमेचे पंधरा टक्के होतात, हा हिशेब एजन्सीच्या अकाउंट्समधल्या लोकांना पाढ्यासारखा येत असे.

भारतातही हेच. गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम अँड कंपनी ही देशातली सर्वांत जुनी एजन्सी मानली जाते. जनरल मोटर्सच्या कामासाठी जे. वॉल्टर थॉम्पसन १९२९ मध्ये मुंबईत आली. आज इंडियन न्यूजपेपर सोसायटी म्हणून ओळखली जाणारी वर्तमानपत्रांची संघटना १९३९ मध्ये उभी राहिली आणि जाहिरात एजन्सींची ‘एएएआय’ ही संघटना १९४५ मध्ये. वर्तमानपत्रांच्या संघटनेने मान्यता दिलेल्या एजन्सीला पंधरा टक्के कमिशन आणि उधारीची मुदत मिळे. त्या बदल्यात जबाबदारीही येई: पार्टीने पैसे बुडवले, तरी वर्तमानपत्राचं बिल एजन्सीला चुकवावं लागे. थोडक्यात, एजन्सी अर्धी चित्रकार होती आणि अर्धी सावकार.

या व्यवस्थेचा एक परिणाम फार खोलवर गेला. जाहिरातीची कल्पना, मजकूर, चित्र, आखणी आणि पुन्हा पुन्हा केलेले बदल, यांचं वेगळं बिलच नव्हतं. ते सगळं कमिशनच्या पोटात. मोठी कंपनी पानभर जाहिराती देत असे, तेव्हा तिचे दहा बदलही परवडत. लहान पार्टीने तेवढेच बदल मागितले तर एजन्सी दात-ओठ खात करून देई. क्लायंटच्या पिढ्यान्‌पिढ्या असं शिकल्या की डोकं चालवायचे पैसे लागत नाहीत, लागतात ते छापायचे.

ही चौकट एका दिवसात मोडली नाही. ठरावीक कमिशन सगळ्यांनी मिळून टिकवण्याच्या प्रथेविरुद्ध अमेरिकी न्याय खात्याने कारवाई केली आणि १९५६ मध्ये तिथल्या एजन्सी-संघटनेने न्यायालयीन तडजोड मान्य केली. १९६० मध्ये डेव्हिड ओगिल्वीच्या एजन्सीने शेल कंपनीचं काम कमिशन सोडून ठरावीक फीवर घेतलं, तेव्हा धंद्यात कुजबुज झाली. नव्वदच्या दशकात जागा विकत घेण्याचं काम मूळ एजन्सींमधून बाहेर पडून स्वतंत्र मीडिया कंपन्यांकडे गेलं. थॉम्पसन आणि ओगिल्वी या एजन्सींचे मीडिया विभाग एकत्र करून १९९७ मध्ये माइंडशेअर उभी राहिली ती याच लाटेत. कमिशन त्या विभागाबरोबर गेलं. जाहिरात घडवणाऱ्यांच्या हाती उरला रिटेनर, म्हणजे महिन्याचा ठरलेला मोबदला. पण तासांचा हिशेब ठेवायची सवय एजन्सींना नव्हती आणि त्याचे पैसे द्यायची क्लायंटला नव्हती.

डिजिटल काळात हे जास्त टोचतं. समजा, नाशिकच्या एका बिल्डरने महिन्याला वीस पोस्ट आणि चार रील असा रिटेनर ठरवला. गुढीपाडव्याची शुभेच्छा त्या विसांत की वेगळी? महाराष्ट्र दिनाची? साइटवर भूमिपूजनाला आमदार आले, त्याचे फोटो त्याच रात्री टाकायचे, ते कशात? रीलसाठी साइटवर जायचा गाडीखर्च कोणाचा? जाणत्या एजन्सी आता कोटेशनमध्ये नुसता आकडा लिहीत नाहीत, बदलांच्या फेऱ्या लिहितात. दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बदल कशाला म्हणायचं आणि नवं काम कशाला, हे त्या लिहितात. रंग, शब्द, फोटो बदलणं हा बदल. ‘आता आपण तरुणांऐवजी निवृत्त लोकांना फ्लॅट विकू’ हे नवं ब्रीफ, म्हणजे नवं बिल.

डोकं चालवण्याचं वेगळं बिल न धरण्याच्या सवयीचा एक मासला मराठी वाचक रोज पाहतो. राष्ट्रीय ब्रँडची मूळ जाहिरात हिंदीत किंवा इंग्रजीत होते आणि मराठी म्हणजे शेवटच्या दिवशी उरकायचं ‘ॲडॅप्टेशन’. कोटेशनमध्ये मराठी मजकूर स्वतंत्र काम म्हणून नसेल, तर तो स्वतंत्र विचार करून कोण लिहिणार? होर्डिंगवरच्या ओढूनताणून आणलेल्या मराठीला अनुवादकाचं अज्ञान जितकं कारणीभूत असतं, तितकाच कामाच्या यादीतला तो रिकामा रकानाही.

मंजुरीचा प्रश्न निघाला की अमूलचं नाव निघतंच. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्या एजन्सीकडे अमूल बटरचं काम आलं, युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी रेखाटली आणि अमूलचे डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी एजन्सीला मोकळीक दिली: जाहिरात लागण्याआधी मंजुरीसाठी आणंदला, अमूलच्या कार्यालयात पाठवायची गरज नाही. ताज्या घडामोडींवरचं होर्डिंग चार टेबलांवरून फिरून आलं असतं, तर घडामोड शिळी झाली असती. ही मोकळीक दाकुन्हांच्या पुढच्या पिढीपर्यंत टिकली.

ही गोष्ट एजन्सीवाले क्लायंटला फार हौसेने सांगतात, पण तिचा दुसरा अर्धा भाग गाळतात. कुरियन यांनी मोकळीक दिली, म्हणजे जबाबदारी उचलण्याचंही कबूल केलं. विमान कंपनीच्या संपावरच्या जाहिरातीनंतर विमानात अमूल बटर देणं बंद करू, असा इशारा आला होता. गणेशोत्सवात ‘गणपती बाप्पा मोरे घ्या’ ही कोटी केली, तेव्हा शिवसेनेकडून धमकी आल्याचा किस्सा दाकुन्हा सांगत. मंजुरी न घेण्याची अट टिकली, कारण अंगावर आलेल्या प्रसंगी क्लायंटने एजन्सीकडे बोट दाखवलं नाही. शिवाय त्या विश्वासामागे एक निर्णय घेणारा माणूस होता. बहुतेक क्लायंटांकडे असे पाच असतात आणि पाचवा, म्हणजे मालकाचा अमेरिकेतून सुट्टीवर आलेला मुलगा, शेवटच्या दिवशी उगवतो. अशा ठिकाणी हवं असतं ते मंजुरी देणाऱ्याचं नाव लिहिलेलं एक वाक्य आणि ‘इतक्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढची तारीखही तितकीच सरकेल’ अशी अट.

आणि अट लिहिली नाही, तर? तिथे पोकळी राहत नाही. तिथे एकतर जुनी सवय येऊन बसते, नाहीतर कायदा. कायदा काय भरतो हे दोन्ही बाजूंना ठाऊक नसतं, आणि ते कळल्यावर दोघांनाही धक्का बसतो.

पैशांचंच घ्या. मोठ्या कंपन्या बिलाची मुदत लांबवत नेतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१३ मध्ये ती ७५ दिवसांवर नेली, तेव्हा जगभर चर्चा झाली होती. इथे ‘नव्वद दिवस’ हे शब्द छोट्या एजन्सी मान खाली घालून ऐकून घेतात. पण एजन्सी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे मुदत ४५ दिवसांपलीकडे ठरवताच येत नाही. मुदत लेखी ठरलेली नसेल, तर ती पंधरा दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. काम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. तीन महिन्यांनी ‘डिझाइन आवडलंच नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदतीबाहेर थकवलेली रक्कम क्लायंटला प्राप्तिकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच दाखवता येते. व्याजाच्या कलमाने जे झालं नाही, ते या तरतुदीने झालं: मार्चअखेर क्लायंटचे सीए स्वतःहून एजन्सीचं एमएसएमई नोंदणीचं ‘उद्यम’ प्रमाणपत्र मागू लागले.

व्याज मागायला मात्र फारसं कोणी जात नाही. एमएसएमई कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज केला, म्हणजे तो क्लायंट गेला. म्हणून ॲडव्हान्स मागणं जास्त कामाचं. जीएसटीमुळे तर ती चैन राहिलेली नाही. सेवेचं बिल फाडलं, की १८ टक्के कर पुढच्या महिन्यात सरकारजमा करावा लागतो, क्लायंटने पैसे देवोत न देवोत. एक लाखाच्या बिलावर अठरा हजार पदरचे भरून एजन्सी वाट पाहत बसते. १८० दिवसांत बिल चुकतं झालं नाही, तर क्लायंटला त्या कराचं क्रेडिट परत करावं लागतं, ही आठवण नम्र शब्दांत करून देणं हा वसुलीचा एक मार्ग झाला आहे. बऱ्याच एजन्सी आधी प्रोफॉर्मा देतात आणि पैसे आल्यावर कराचं बिल काढतात. काम पूर्ण होऊन गेल्यावर बिल असं लांबवणं कायद्यात बसत नाही, पण ॲडव्हान्स आणि टप्प्यांचे हप्ते आधीच लिहून ठेवले तर ती कसरत करावीच लागत नाही.

दुसरा धक्का मालकीचा. ‘पैसे दिले, म्हणजे लोगो आमचा’ हे क्लायंटला इतकं उघड वाटतं, की विचारायचं सुचतच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची मूळ बैठक वेगळी आहे. ज्याने निर्माण केलं, तो पहिला मालक. नोकराने नोकरीत केलं तर मालकी नोकरी देणाऱ्याची, इथे म्हणजे एजन्सीची. मोबदला देऊन करवून घेतलेले फोटो, चित्र, पोर्ट्रेट, फिल्म यांना अपवाद आहे. ते करवून घेणाऱ्याचे होतात. मजकूर या यादीत नाही. लोगो तिच्यात बसतो का, यावर वकील तास न् तास भांडू शकतात. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे, तर सही केलेला लेखी कागद लागतो. त्यातही मुदत लिहिली नसेल, तर हक्क पाचच वर्षांपुरते जातात आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरते. कोल्हापुरी चपलांचा एखादा ब्रँड दहा वर्षांनी दुबईत दुकान काढायला निघेल, तेव्हा हे दोन न लिहिलेले शब्द महागात पडतील. उलट बाजूने एजन्सीने मागायची अट एकच: हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर जातील, आधी नाही.

अलीकडची मालकीची भांडणं कॉपीराइटहून साध्या गोष्टींवर होतात. वेबसाइटचं डोमेन एजन्सीच्या मालकाच्या ई-मेलवर घेतलेलं, इन्स्टाग्रामचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या मुलीच्या फोनवर, गुगलच्या जाहिरात खात्याची तीन वर्षांची माहिती एजन्सीच्या नावाखाली. नातं तुटलं, की हे सगळं ओलीस. खाती पहिल्या दिवसापासून क्लायंटच्या नावाने उघडून एजन्सीला फक्त वापराची परवानगी देणं, याला दमडीही लागत नाही. ग्राहकांचे फोन नंबर आणि ई-मेल हाताळायचे, तर आता कागद टाळताही येणार नाही: २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे माहिती गोळा करणाऱ्याला ती दुसऱ्याकडून हाताळून घ्यायची असेल तर वैध करार लागतो, आणि चुकीची जबाबदारी मूळ गोळा करणाऱ्याचीच राहते.

काम मिळण्याआधी मांडलेल्या कल्पनांचं काय? चार एजन्सींना बोलावून फुकट पिच घ्यायची, काम पाचव्यालाच द्यायचं आणि पहिल्याची कल्पना वापरायची, ही तक्रार धंद्याइतकीच जुनी. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. पण सगळं हातचं जातं असंही नाही. सनडायल कम्युनिकेशन्सने एका मालिकेची ‘कृष कन्हैया’ नावाची कल्पना झी वाहिनीकडे मांडली होती. पुढे झीची ‘कन्हैया’ येऊ घातली, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २००३ मध्ये न्यायालयाने सनडायलला दिलासा दिला आणि विश्वासाने सांगितलेली, पुरेशी तपशीलवार मांडलेली कल्पना गोपनीय म्हणून संरक्षण मिळवू शकते हे मान्य केलं. ‘पुरेशी तपशीलवार’ हे शब्द महत्त्वाचे. तोंडी सांगितलेल्या चटपटीत ओळीला हा आधार मिळणं अवघड; तारीख घातलेल्या, कोणाला दिली याची नोंद असलेल्या टिपणाला मिळू शकतो.

निरोपाच्या अटींवरचा सर्वांत बोलका निकाल एका क्रिकेटपटूच्या नावावर आहे. श्रीरामपूरच्या झहीर खानने २००० साली पर्सेप्ट डी’मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. जाहिराती आणि प्रायोजक मिळवायचं काम कंपनीचं. करारात एक कलम होतं: मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव स्वीकारण्याआधी झहीरने तो पर्सेप्टला दाखवायचा आणि तेवढीच रक्कम द्यायची संधी त्यांना द्यायची. मुदत संपली, झहीर दुसऱ्या कंपनीकडे गेला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी पर्सेप्टच्या बाजूने मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचंच बरोबर ठरवलं. १८७२ च्या करार कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे धंदा करण्यावरचं बंधन रद्दबातल असतं. करार चालू असताना एकनिष्ठता मागता येते, संपल्यावर हात बांधता येत नाहीत.

या निकालानंतरही ‘काम संपल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी ब्रँडचं काम घेणार नाही’ हे वाक्य एजन्सींच्या करारांत सर्रास दिसतं. बहुधा कोणीतरी परदेशी मसुद्यातून उतरवलेलं. दोन्ही बाजू त्यावर सही करतात आणि ते चालेल असं धरतात. गोपनीयतेचं कलम मात्र करारानंतरही टिकतं. नोटिशीचे दोन-तीन महिने, त्या काळातला मोबदला, फाइली सुपूर्द करायची यादी, अर्धवट कामाचा दर, यांवर खर्चलेला अर्धा तास त्या बंदीच्या कलमापेक्षा जास्त उपयोगाचा.

जाहिरातीतला दावा खोटा निघाला, तर? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला आणि तिचा प्रचार करणाऱ्या चेहऱ्याला दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं एजन्सीलाही लागू आहेत. तेल लावून केस येतात की नाही, हे एजन्सी तपासू शकत नाही. तेव्हा दाव्याचे पुरावे क्लायंटने द्यायचे. संगीत, फोटो, फॉन्ट यांच्या परवानग्यांची हमी एजन्सीने. इतकी सरळ वाटणी असताना छापील करारांत सगळी नुकसानभरपाई एजन्सीवर ढकललेली आढळते आणि ती एजन्सीची वार्षिक उलाढाल ओलांडून जाईल इतकी मोकळी ठेवलेली असते.

जुन्या टक्केवारीचं भूतही पुरतं गेलेलं नाही. अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या संघटनेने करवून घेतलेल्या २०१६ च्या अहवालात, मीडिया कंपन्यांकडून एजन्सींना क्लायंटच्या नकळत परतावे मिळतात, हे समोर आलं. पामरच्या काळचा दलाल मागच्या दाराने परतला होता. क्लायंटने म्हणूनच विचारावं: माझ्या पैशांवर तुम्हाला आणखी कुठून काय मिळतं? आणि उत्तर करारात घ्यावं. मग एजन्सींनी सगळ्यांनी मिळून किमान दर ठरवावेत का? तो रस्ताही बंद आहे. मार्च २०२५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मोठ्या आंतरराष्ट्रीय एजन्सींच्या इथल्या कार्यालयांची आणि एएएआयची झडती घेतली, ती दर आणि सवलती संगनमताने ठरवल्याच्या संशयावरूनच. आपला दर आपणच ठरवायचा, आपल्याच तोंडाने मागायचा.

आणि तो मागायची वेळ नेमकी अशा वर्षांत आली आहे, की कमिशनच्या जागी कष्टाने बसवलेला तासांचा हिशेबच डळमळतो आहे. एआयने चार मिनिटांत वीस चित्रं होतात. क्लायंट त्याच चार मिनिटांचे पैसे देऊ म्हणतो. संगणकाने घडलेल्या कृतीचा कर्ता ती घडवून आणणारा माणूस, असं कॉपीराइट कायद्यात आहे, पण आज्ञा टाइप करणारा एजन्सीतला मुलगा तो माणूस की ब्रीफ देणारा क्लायंट, हे न्यायालयांनी अजून सांगायचं आहे. नव्या करारांत त्यासाठी कलमं येऊ लागली आहेत: एआय वापरलं तर सांगायचं, क्लायंटची गोपनीय माहिती त्यात भरायची नाही, मॉडेलच्या चेहऱ्याची नक्कल त्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. दराचं कलम मात्र बहुतेक ठिकाणी जुनंच आहे: इतके तास, इतके रुपये.